चाकाची गोष्ट : वेण्णा लेकचं गोठलेलं दव आणि जर्मनीचे टायर

प्रश्न : काका, नमस्कार. महाबळेश्वर-पाचगणी रस्त्याला आत आमची स्ट्रॉबेरीची शेती आहे. दोन-अडीच वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेतली. हंगामात आठवड्यातून तीनदा पहाटे साडेचारला मागची सीट पाडून बॉक्स भरतो आणि केळघर घाटाने, मेढ्यावरून सातारला उतरतो. लेक जर्मनीत श्टुटगार्टला असते. वेण्णा लेकला दव गोठल्याचे फोटो तिने मोबाइलवर पाहिले आणि तेव्हापासून, 'बाबा, विंटर टायर घाला' हा धोशा लावलाय. ती स्वतः दर ऑक्टोबरात टायर बदलते. सातारचे दुकानदार म्हणतात, ऑल-सीझनच घ्या आणि आत्ताच घ्या, सूट आहे. एक ओळखीचे गृहस्थ मुंबईतून विंटर टायर 'काढून देतो' म्हणतात. सध्याचे टायर गाडीबरोबर आलेलेच आहेत, २१५/६० आर १६, ९५ एच. ३४ हजार किलोमीटर झाले. पुढचे जास्त झिजलेत. काय करू?
— एक स्ट्रॉबेरी उत्पादक, महाबळेश्वर तालुका

उत्तर : विंटर टायर घेऊ नका. आणि ऑल-सीझनही आज घेऊ नका. दुकानदार नाराज होतील, होऊ द्या. माझा भाचाही टायरच विकतो आणि मी हे त्याच्याच दुकानात, अलाइनमेंटच्या मशीनशेजारी बसून लिहितोय.

पण लेकीचं चुकलं असं म्हणू नका. ती जिथं राहते तिथं तिचंच बरोबर आहे. थंडीत बरणीतलं तूप कसं थिजतं, चमचा घातला तर चमचा वाकेल पण तूप हलत नाही? साध्या टायरचं रबर कडाक्याच्या थंडीत तसंच आखडतं. आखडलेलं रबर रस्त्याच्या खडबडीत बसत नाही, वरून घसरत जातं. विंटर टायरचं रबर मुद्दाम मऊ राखलेलं असतं, त्यात सिलिका जास्त घालतात, आणि नक्षीच्या प्रत्येक गुट्टीवर सुरीने ओढल्यासारख्या बारीक बारीक चिरा असतात. त्या चिरा बर्फाला धरतात. रोजचं तापमान ७ अंशांच्या खाली राहायला लागलं की हे टायर घालावेत, असा तिकडचा ढोबळ ठोकताळा आहे. 'ओ ते ओ' म्हणतात तिकडे, म्हणजे ऑक्टोबर ते ऑस्टर्न, आपण ज्याला ईस्टर म्हणतो तो सण. आपलं जसं मृग ते हस्त, तसं त्यांचं ओ ते ओ.

तिकडे हा कायद्याचाही भाग आहे. रस्त्यावर बर्फ, निसरडं असेल तर थंडीला लायक टायर पाहिजेतच. पूर्वी टायरवर 'एम प्लस एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, एवढं छापलेलं असलं तरी चालायचं. पण ती अक्षरं कंपनी आपल्या मनाने छापते, त्यासाठी कसलीही परीक्षा लागत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत डोंगराची तीन शिखरं आणि मध्ये हिमकण असं चित्र असलेलाच टायर धरला जातो. ते चित्र बर्फावरच्या चाचणीत पास झाल्यावरच मिळतं. तिकडच्या चांगल्या ऑल-सीझन टायरवरही ते असतं, त्यामुळे शहरातल्या शहरात फिरणारे बरेच लोक तिकडे ऑल-सीझनवर वर्ष काढतात. लेकीला डोंगरात जावं लागत नसेल तर तिला हे विचारून बघा, तिची वर्षातून दोनदा टायर बदलायची कटकट वाचेल.

इथे एक गोम आहे. आपल्याकडे दुकानात ज्याला ऑल-सीझन म्हणतात त्यावर तो डोंगर-हिमकण बहुधा नसतोच. आपले टायर उन्हाला आणि पावसाला बनवलेले असतात, त्यातल्याच काहींना ऑल-सीझन म्हणायचं. म्हणजे लेक म्हणते तो ऑल-सीझन आणि दुकानदार म्हणतात तो ऑल-सीझन, ही एका नावाची दोन माणसं आहेत. फोनवर तुमचं दोघांचं भांडण होत असेल तर ते यामुळे.

आता वेण्णा लेक. महाबळेश्वर गावात पारा दहा-बारावर असतो तेव्हा लेकच्या खोलगटात गार हवा साचून तो बराच खाली उतरतो, हे खरं. दव गोठतं, हेही खरं. पण ते गोठतं कुठं, ते नीट बघा. गवतावर, गाडीच्या टपावर, तुमच्या स्ट्रॉबेरीच्या पानावर. डांबर दिवसभर ऊन पिऊन बसलेलं असतं, ते पहाटेपर्यंत ऊब धरून असतं. नोकरीत असताना मी ब्रेकडाउन गाडी घेऊन कितीतरी पहाटे त्या रस्त्याने गेलोय. (एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं टायर सेक्शनला काढली, नव्या वाचकांसाठी सांगतो.) टपावरचं पांढरं नखाने खरवडून काढलंय, पण बुटाखाली डांबर ओलं लागलं, गोठलेलं कधी लागलं नाही. आणि तो गारठा म्हणजे वर्षातल्या मोजक्या पहाटा, त्यातही लेकच्या आसपासचा तुकडा. तासाभरात तुम्ही मेढ्याला, आणि दुपारी सातारला तीस अंशांत. एवढ्यासाठी वर्षभर मऊ रबर घालून फिरायचं? एप्रिलमध्ये बघा काय होतं. मागे एकाने परदेशातून आलेले असले टायर हौसेने बसवले होते. उन्हाळा संपता संपता गुट्ट्यांच्या कडा पिसासारख्या उभ्या राहिल्या होत्या, हात फिरवला तर बोटाला रबराची काजळी. ब्रेक दाबला की गाडी आधी अंग घुसळायची आणि मग थांबायची. तापल्या रस्त्यावर विंटर टायर थांबायला जास्त अंतर घेतो, लवकर झिजतो आणि तुमच्या बॅटरीचे किलोमीटरही खातो.

'काढून देतो' म्हणणाऱ्या गृहस्थांना एक विचारा. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटारीच्या नव्या टायरची आयात खुली न ठेवता परवान्याखाली आणली. मग यांचे टायर आले कुठून आणि कधी? टायरच्या अंगावर लंबगोलात चार आकडे असतात. २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. असा टायर दिसायला कोरा करकरीत असतो, पण रबर पडून पडूनही म्हातारं होतं. शिवाय आयएसआयचा शिक्का बघा. तो नसेल तर बोलणं तिथंच थांबवा.

तुमच्या रस्त्यावर थंडीत खरी भीती बर्फाची नाही, उसाची आहे. हसू नका. कारखाने चालू झाले की ट्रॉल्या शेतातून सरळ डांबरावर येतात आणि चाकाला लागलेला चिखल शंभर-दोनशे फूट सोडत जातात. दिवसा तो वाळून धूळ होते. पहाटे त्यावर दव पडलं की वाईच्या कृष्णेच्या घाटावरची शेवाळलेली पायरी आणि तो रस्ता यात काही फरक राहत नाही. मेढ्याच्या खाली साताऱ्याकडे येताना हे हमखास. वर तुमच्याकडे तांबडी माती तेच काम करते. त्यावर कुठलाही टायर जादू करत नाही. वेग कमी, पुढच्या गाडीपासून अंतर जास्त, आणि वळणात पाय झटक्याने उचलायचा नाही.

हे शेवटचं इलेक्ट्रिक गाडीला फार लागू आहे. पेट्रोल गाडीत पाय उचलला तर गाडी रेंगाळते. तुमच्यात रीजेन, म्हणजे पाय उचलला की मोटारीनेच गाडी थोपवून वीज परत बॅटरीत भरणं, जोरात ठेवलं असेल तर पाय उचलणं म्हणजेच ब्रेक मारणं, आणि तोही फक्त मोटार ज्या चाकांना जोडली आहे त्या चाकांना. तुमची गाडी पुढच्या चाकांवर ओढते, म्हणजे ओढणं, वळणं आणि रीजेनचं थांबवणं, तिन्ही ओझी पुढच्या दोन टायरवर. पुढचे जास्त झिजले याचं नवल नाही, मागचे झिजले असते तर मी काळजीत पडलो असतो. ओल्या रस्त्यावर रीजेन एक पायरी खाली ठेवा आणि पाय हळू सोडा.

घाट उतरण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मी सांगणार. रात्री घरी गाडी शंभर टक्के चार्ज करून पहाटे घाट उतरू नका. रीजेन म्हणजे उतारावर तयार झालेली वीज परत बॅटरीत भरणं. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज जाणार कुठं? गाडी रीजेन कमी करते, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. हिशेब करून बघा. गाडी, तुम्ही आणि माल मिळून १७०० किलो धरा. तुमच्याकडून सातारपर्यंतचा उतार ७०० मीटरच्या आसपास. तेवढं वजन तेवढं खाली येताना सव्वातीन युनिट वीज होईल एवढी ताकद सुटते. त्यातली काही हवेत आणि चाकात जाते, तरी दोनेक युनिट परत मिळायला हरकत नाही. तुमची बॅटरी ३० युनिटची असेल तर ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. उतरताना वीजही मिळेल आणि ब्रेकही थंड राहतील. केळघरच्या पायथ्याला एसटीच्या ब्रेक ड्रममधून धूर निघताना मी पाहिलाय, त्यामुळे हा विषय निघाला की मी थांबत नाही.

हवेचंही तुमच्या बाबतीत जरा निराळं आहे. तुम्ही सातारला माल उतरवून दुपारी पंपावर हवा भरता, असं फोनवर म्हणालात. ३३ अंशांच्या दुपारी ३३ हवा भरली आणि पहाटे वेण्णा लेकला ५ अंश असतील, तर थंडीने चारेक पीएसआय उतरते आणि उंचीमुळे एखादी परत मिळते. म्हणजे तुम्ही भरलेले टायर घेऊन ३० वर घाट उतरताय, तेही टायर दुपारी धावून गरम असताना भरले नसतील तर. गरम असतील तर आणखी कमी. घरी पहाटे, गाडी हलवायच्या आधी मोजा. हातपंपासारखा छोटा इलेक्ट्रिक पंप गाडीत ठेवा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या कागदावर आहे. तिथे दोन आकडे असतात, माल भरल्यावरचा वेगळा. बॉक्स भरलेल्या दिवशी तो धरा.

आता खरेदी. तुम्हाला काडेपेटीची काडी नक्षीच्या खोबणीत उभी घालून, नखाने खूण करून, मुलांच्या पट्टीवर मोजायला सांगितलं होतं. तुम्ही कळवलंत, पुढे ३, मागे ५ मिलिमीटर. कायद्याची हद्द १.६ आहे. खोबणीच्या तळाशी ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. पण पावसासाठी मी १.६ मानत नाही. आमच्या जिल्ह्यात पाऊस म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगावं का? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. खोबणीचं काम ते पाणी टायरखालून बाहेर काढायचं. खोबणी उथळ झाली की पाणी निघत नाही आणि चाक पाण्यावर तरंगतं. स्टेअरिंग हातात लोण्यासारखं हलकं होतं तो क्षण. विमानाच्या टायरवर नासाने केलेल्या प्रयोगांतून एक सूत्र निघालंय. मोटारीला ते अंदाजेच लागू पडतं, पण डोळे उघडायला पुरे आहे. नक्षी गेलेला टायर पुरेशा पाण्यात ३६ हवेला ताशी १०० किलोमीटरच्या आसपास तरंगतो, आणि हवा २५ वर आली तर ८३ लाच. म्हणजे कमी हवा आणि टकला टायर हे दोघं मिळून महामार्गावर तुमची वाट बघत असतात.

म्हणून पावसाळ्यात ३ च्या खाली उतरू नये, असं माझं म्हणणं. पण आता पावसाळा नाही. नव्या टायरची खोबणी साडेसात मिलिमीटर धरली तर पुढचं साडेचार मिलिमीटर रबर ३४ हजारांत गेलं, म्हणजे एक मिलिमीटर साडेसात हजारांत. मेच्या मध्यापर्यंत तुमचे सहा-सात हजार होतील, पुढचे दोनच्या जरा वर असतील. कोरड्या रस्त्याला चालेल. ते रबर वाया का घालवायचं? सूट मेमध्येही असते. मृगाच्या आधी घ्या, म्हणजे पूर्ण नक्षी पहिल्या पावसाला मिळेल. फक्त मार्चमध्ये एकदा काडी परत घाला, आणि मध्येच अंगावर फुगा किंवा कट दिसला तर कशाची वाट बघू नका.

तेव्हा दोनच टायर घ्या आणि ते मागे बसवा. इथे वाद होतो. दुकानात नवे टायर पुढे टाकायची सवय आहे, आणि एसटीतही आम्ही नवा टायर पुढेच टाकायचो, रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला, मागे. पण बसला मागे जोडचाकं असतात, एक गेलं तर दुसरं सांभाळतं. मोटारीत तसं नाही. ओल्या वळणात पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते, तुम्ही पाय सोडता आणि ती परत धरते. मागची सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि केळघरात फिरायला जागा नाही. मागचे पाचचे पुढे घ्या, ते हा पावसाळा काढतील. आणि पुढे कधी चारही नवे घ्याल तेव्हापासून दर आठ हजारांना पुढचे-मागचे अदलाबदल करा, म्हणजे चारही बरोबरच संपतील.

घेताना त्याच मापाचे घ्या, आणि ९५ च्या खालचा आकडा कुणी कितीही गोड बोलून दिला तरी घेऊ नका. ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो. तुमच्या गाडीच्या पोटात बॅटरीचं ओझं कायम आहे, माल वेगळा. 'एच' म्हणजे ताशी २१० पर्यंत. तो वेग तुम्हाला नको आहे, पण खालचं अक्षरही नको. दुकानात 'पावसात पकड कशी आहे' एवढंच विचारा. किती किलोमीटर चालेल हे नंतर. फार चालणारा टायर बहुधा कडक रबराचा असतो, आणि तुमचा रस्ता वळणाचा आहे.

आणि लेकीला सांगा, काकांनी फोटो बघितले, छान आले आहेत.

प्रश्न : माझ्याही गाडीचे टायर बदलायचे आहेत. 'खास ईव्हीचे' म्हणून काही टायर बरेच महाग मिळतात. तेच घ्यावे लागतात का? साधे घातले तर वॉरंटी जाते असं एकजण म्हणाला.
— एक वाचक, सदरबझार, सातारा

उत्तर : घ्यावेच लागतात असं नाही. माप, वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर जुळलं की साधा चांगला टायर चालतो. वॉरंटीचं गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाचा, त्या एकजणाचं ऐकू नका.

पण 'ईव्ही' शिक्का म्हणजे निव्वळ लूटही नाही. इलेक्ट्रिक गाडी जड असते आणि पाय दाबल्याबरोबर सगळा जोर एकदम चाकाला मिळतो, त्यामुळे टायर लवकर झिजतात. हे टायर त्यासाठी जरा ताठ बांधतात, आणि कमी ताकदीत लोळतील असं रबर घालतात. काहींत आवाज खायला आतून स्पंजचा पट्टाही चिकटवलेला असतो, कारण इंजिन गप्प असल्यावर टायरची भुणभुण कानात जाते. माझ्या भाच्याने स्वतःच्या गाडीला स्वस्तातले साधे टाकले आणि चार्जमागे पंधरा-वीस किलोमीटर कमी पडायला लागले. आता तो कुरकुरतो, पण टायर संपेपर्यंत बदलणार नाही. तुम्ही सातारा शहरातल्या शहरात फिरत असाल तर तेवढ्याने बिघडत नाही. पुण्याला वरचेवर जात असाल तर महाग टायरचा विचार करा.

स्पंजवाला घेतलात तर पंक्चर काढणाऱ्याला आधी सांगा. तो पट्टा खरवडून काढल्याशिवाय आतून पॅच बसत नाही, आणि न सांगता मशीनवर चढवला तर फाटतो.

आणि पंक्चरचा विषय निघालाच आहे तर जॅकचं. मागे हायवेच्या कडेला एका दुकानात माझ्यासमोर पोराने ट्रॉली जॅक इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाच्या मधोमध सारला. सवयीने. पोट सपाट दिसतं, जागा चांगली वाटते. ते बॅटरीचं खोकं आहे! मी ओरडलो तेव्हा जॅकचा वाटीसारखा माथा पत्र्यापासून चार बोटं राहिला होता. दाराखालच्या कडेला, चाकाच्या जरा पुढे-मागे, जॅकच्या खुणा असतात, पुस्तकात चित्र असतं. ती जागा स्वतः बघून ठेवा आणि पंक्चरवाल्याला बोट लावून दाखवा. तो म्हणेल, 'दादा, रोज करतो मी.' म्हणू द्या.

प्रश्न : नायट्रोजन भरल्याने इलेक्ट्रिक गाडीची रेंज वाढते का? पंपावर तसा बोर्ड आहे.
— एक वाचक, कराड

उत्तर : साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तो फुकट मिळतो. रेंज वाढते ती बरोबर हवेने. फुकट भरून देत असतील तर जरूर भरा, पैसे मागत असतील तर त्या पैशाचा हवा मोजायचा मीटर घ्या आणि दर पंधरा दिवसांनी सकाळी टायर गार असताना लावून बघा.